मुलाचं वजन, बीपी आणि 'हार्मोन्सचं काहीतरी' : माझा अनुभव

मुलगा पंधरा वर्षांचा, वजन चांगलंच जास्त, आणि शाळेच्या मेडिकल चेकअपमध्ये बीपी निघालं 142/90. घरात निदान लगेच तयार! सासूबाई म्हणे थायरॉइड, जाऊबाई म्हणे हार्मोन्सचं काहीतरी, कारण "तो खातो कुठे एवढं". मलाही वाटायचं तसंच निघावं, एक गोळी सुरू झाली की सुटलो.

पहिल्या ठिकाणी मुलाकडे नीट न बघताच भलंमोठं हार्मोन पॅकेज लिहून दिलं, ते काही आम्ही केलं नाही. ओळखीतून मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्सच्या डॉक्टर) मॅडमकडे गेलो तर त्यांनी आधी टेपने दंडाचा घेर मोजला. पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दाखवतं म्हणे, मग मोठा पट्टा लावला, पाच मिनिटं गप्प बसवलं, तरी 136/86. तेरा वर्षांपुढच्या मुलांत 130/80 पासून पुढे जास्तच धरतात, पण वेगवेगळ्या तीन भेटींत तसं आलं तरच, म्हणून परत परत बोलावलं.

मग विचारलं, दरवर्षीची उंची कुठे लिहिलीय का? प्रगतिपुस्तकांत होती. कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढण्याचा आजार, कुशिंग, असेल तर वजन वाढत जातं आणि उंची अडकते, आमचा तर वर्गात सगळ्यात उंच. आणि मानेवरचा काळेपणा, जो मी रोज घासायला लावायचे आणि तो बिचारा घासायचा, तो मळ नव्हताच, इन्सुलिन जास्त असल्याची खूण होती.

पोटावर जांभळट ताणरेषा होत्या, त्या कुशिंगमध्येही दिसतात, म्हणून खात्रीला डेक्सा टेस्ट (डेक्सामेथासोनची गोळी देऊन कॉर्टिसॉल उतरतं का ते बघायची) सांगितली. रात्री 11 ला अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि सकाळी 8 ते 9 च्या दरम्यान रक्त, कॉर्टिसॉल 1.8 च्या खाली यायला हवं. लॅबवाला म्हणतो सकाळी केव्हाही या, चालतंय. अहो नाही चालत, त्या टेस्टमध्ये वेळच तर सगळं आहे! दुसरी लॅब शोधली.

कॉर्टिसॉल नॉर्मल. रेनिन-अल्डोस्टेरॉन (बीपीशी संबंधित हार्मोन्स), किडनीची सोनोग्राफी ठीक. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच किंचित वर पण टी4 बरोबर, लठ्ठपणात असं दिसतं, वजन उतरलं की बहुतेकदा तेही उतरतं, म्हणून थायरॉइडची गोळी नाही (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही). इन्सुलिन मात्र भरपूर.

मॅडमनी मुलालाच समोर बसवून सांगितलं, की चरबीतून लेप्टिन येतं, ते खरं तर भूक आवरणारं, पण फार वाढलं की मेंदू भुकेच्या बाबतीत त्याचं ऐकत नाही आणि बीपी वाढवायचं काम मात्र चालूच राहतं, वर जास्तीचं इन्सुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. म्हणजे हार्मोन्स बिघडलेत हे खरं, पण वजनामुळे.

बीपीची गोळी अजून दिलेली नाही. पापड-लोणचं, वेफर्स, कोल्ड्रिंक बंद, संध्याकाळी क्लासला सायकलने जातो, घरी मोठ्या पट्ट्याचं मशीन आणलंय. आकडे वहीत लिहायचं काम त्याचंच. पुढच्या भेटीत ती वही बघून गोळीचं ठरवणार आहेत.