आमची वाटचाल : अल्बम माल की सेवा?

बाबांनी १९९६ साली स्टुडिओ काढला, तेव्हा कराहून रोलची काळजी मोठी. ३६ फोटोंच्या रोलमध्ये हळदीपासून पाठवणीपर्यंत काय काय बसवायचं, या हिशोबात त्यांचा दिवस जायचा.

ग्राहकाला आपण नेमकं काय देतो, कौशल्य की छापलेला कागद, या प्रश्नाने मात्र आमच्या धंद्याची पाठ कधी सोडली नाही. २००० साली ‘रेनबो कलर लॅब’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे कौशल्याचं काम आहे, त्यावर राज्याचा विक्रीकर नाही. १६ जुलै २००१ पासून केंद्राने छायाचित्रणावर सेवाकर लावला. मग २०१५ साली ‘प्रो लॅब’च्या निकालात तेच न्यायालय म्हणालं, ४६ व्या घटनादुरुस्तीनंतर अशा कामातल्या मालावर राज्य कर लावू शकतं. प्रिंट एकच, तिच्यावर दोघांचा हक्क. बाबा निकालांची कात्रणं फाइलला लावून ठेवत, आणि मला तो ध्यास तेव्हा समजत नसे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा वाद आमच्यापुरता मिटला. फोटो, व्हिडिओ आणि अल्बम एकाच पॅकेजात दिले तर मुख्य काम छायाचित्रणाचं, म्हणून सगळ्यावर १८ टक्के. काही लॅब नुसत्या प्रिंटवर १२ टक्के लावत होत्या. १ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकाने तिथेही १८ टक्केच स्पष्ट केले.

आमची उलाढाल २० लाखांपुढे गेली आणि नोंदणी घ्यावी लागली. त्या हंगामातलं पहिलंच लग्न मी जुन्या सवयीने ‘सगळं मिळून ८०,०००’ असं ठरवलं. सीएंनी हिशोब मांडला: त्या रकमेत कर धरला तर १२,२०३ रुपये सरकारचे, हाती ६७,७९७. सेकंड शूटरचे पैसे आणि अल्बमचा खर्च त्यातूनच. यजमानांकडे वरचे पैसे मागायला तोंड नव्हतं, शब्द माझा होता.

दुसरा धडा ॲडव्हान्सचा. वस्तूच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही, सेवेच्या ॲडव्हान्सवर भरावा लागतो. डिसेंबरच्या लग्नाचं बुकिंग ऑगस्टमध्ये घेतलं तर त्या पैशावरचा कर ऑगस्टच्याच रिटर्नमध्ये. बुकिंगचे पैसे नव्या लेन्समध्ये घालणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार जड गेलं.

१ एप्रिल २०१९ पासून ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यवसायाला कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर सरसकट ६ टक्के कर, घेता येते. लग्नंच करणाऱ्याने तिचा जरूर विचार करावा. आम्ही घेतली नाही, कारण कंपन्यांची कामं वाढली होती. त्यांना आमच्या बिलावरचा कर स्वतःच्या करातून वजा करायचा असतो, आणि आम्हालाही कॅमेऱ्यावर भरलेल्या कराची तशीच वजावट, म्हणजे क्रेडिट, सोडवत नव्हती; या योजनेत दोन्ही मिळत नाही.

आता कोटेशनवर कामाची रक्कम वर, कर त्याखाली वेगळ्या ओळीत. ‘बिल नको, थोडं कमी करा’ म्हणणाऱ्या घरांना मी तो कागद दाखवून शांतपणे नाही म्हणतो. दोन कामं त्यापायी गेलीही. ॲडव्हान्सचा कर मात्र पैसे आल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकतो, लेन्स कितीही खुणावत असली तरी.