सुईची भीती, भोवळ आणि उपचार

सुईला घाबरणाऱ्या माणसाला आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’. रक्त पाहून किंवा सुई टोचताच ज्यांना खरोखर भोवळ येते, त्यांच्या बाबतीत नेमका हाच सल्ला उलटण्याची शक्यता असते, आणि हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

उंची, कुत्रा, पाल, लिफ्ट यांच्या भयगंडात हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि माणूस पळ काढू पाहतो. प्रत्यक्ष बेशुद्ध पडणे मात्र क्वचित घडते. रक्त, इंजेक्शन आणि जखम यांच्या भीतीत प्रतिक्रियेचे दोन टप्पे दिसतात. आधी ठोके आणि रक्तदाब वाढतात, मग दोन्ही एकाएकी घसरतात, मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही प्रवृत्ती पुष्कळदा एकाच घरातल्या अनेकांत आढळते, त्यामुळे ‘मनाचा कमकुवतपणा’ हे तिचे प्रचलित निदान मला निव्वळ अन्यायाचे वाटते.

या घसरणीवरचा उपाय स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात विकसित केला. हात, पाय आणि धड यांचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळायचे; मग २० ते ३० सेकंद सोडायचे, पण पूर्ण गळून न जाता नेहमीच्या स्थितीत यायचे; आणि असे पाचेक वेळा करायचे. त्यामुळे रक्तदाब तात्पुरता वर राहतो. ज्या हातातून रक्त घ्यायचे तो मात्र सैल ठेवावा लागतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असेल, गरोदरपण असेल, अथवा सुईचा संबंध नसतानाही भोवळ येत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

माझ्या मावशीला मधुमेह आहे आणि सुईच्या धास्तीने तिने रक्ततपासणी वर्षानुवर्षे टाळली होती. घरच्यांनी समजावले, रागावले, देवाची शपथही घातली; त्यातून ती तपासणीच्या तारखा लपवायला तेवढी शिकली. मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘भीती का वाटते’ यापेक्षा ‘नेमके काय झाले की वाटते’ हे बारकाईने विचारले, तेव्हा कळले की मावशीला सुईपेक्षा दंडावर आवळलेला रबरी पट्टा आणि स्पिरिटचा वास अधिक असह्य होतो. स्नायू आवळण्याचा सराव झाल्यावर चढत्या क्रमाने पायऱ्या ठरल्या: स्पिरिटचा बोळा हुंगणे, वेष्टनातली सिरिंज टेबलावर ठेवून बसणे, दंडाला पट्टा बांधून घेणे, ग्लुकोमीटरसाठी बोट टोचणे आणि शेवटी शिरेतून रक्त देणे. एका पायरीवरची भीती बरीच ओसरली किंवा तिच्यासह टिकून राहता आले, की पुढची. मावशी आजही आडवी होऊनच रक्त देते आणि तसे नाव नोंदवतानाच सांगते. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

भीती साधारण ६ महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून असेल आणि तिच्यापायी उपचार, प्रवास, शिक्षण किंवा गरोदरपणातल्या तपासण्या टळत असतील, तर मदत घ्यायला हवी. औषधे लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. वर सांगितलेले पायऱ्यांचे उपचार बहुधा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. ‘विशिष्ट भयगंडात’, म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीच्याच तीव्र भीतीत, औषधांची भूमिका एकंदरीत दुय्यम असते. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येते. गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे.

पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: भीतीच्या वस्तूला टप्प्याटप्प्याने सामोरे नेण्याचे उपचार तुम्ही करता का, आणि भोवळ येणाऱ्यांसाठी वेगळे काय करता? दुसऱ्या प्रश्नाला केवळ ‘श्वासाचे व्यायाम’ एवढेच उत्तर मिळाले, तर मी तरी दुसऱ्या तज्ज्ञांचा शोध घेईन.