टोरोंटोतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांबरोबर संशोधन : एथिक्सच्या मंजुरीचा माझा अनुभव

संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या विद्यापीठाच्या एथिक्स बोर्डाची मंजुरी हातात येईपर्यंत वस्तीत कुणाशी बोलायचंच नाही, असं बरेच विद्यार्थी धरून चालतात. माणसांवरच्या संशोधनाच्या नैतिकतेबद्दलचं कॅनडाचं राष्ट्रीय धोरण, टीसीपीएस-२, तसं म्हणत नाही. त्याच्या ६.११ कलमाप्रमाणे भागीदारी जुळवायला आणि आराखडा ठरवायला समुदायाशी आधी बोलता येतं. त्या बोलण्याची संशोधनाचा डेटा म्हणून नोंद मात्र करायची नाही. टोरोंटोच्या जेन-फिंच किंवा रेक्सडेल या वस्त्यांमधल्या कामात मी सर्वात जास्त वेळ या आधीच्या बोलण्यालाच देते. प्रश्न कोण ठरवणार, डेटा कुणाकडे राहणार, निष्कर्ष छापण्याआधी कोण वाचणार, हे स्थानिक संस्थेबरोबर लेखी ठरवून तो करारच अर्जाला जोडायचा. ओंटारिओत २०२१ साली मांडलेली ईगॅप ही चौकट कृष्णवर्णीय समुदायांच्या आरोग्याच्या डेटासाठी आहे, पण करार लिहिताना ती फार उपयोगी पडते. करार नसेल तर वस्तीने सुचवलेला प्रत्येक बदल मंजुरीनंतर दुरुस्ती-अर्ज होऊन बोर्डाकडे जातो आणि मुलाखती अडकतात.

प्रश्नावलीतून ‘तुम्ही मूळचे कुठले?’ काढून टाका. ओंटारिओत गुलामगिरीतून निसटून आलेल्यांचे वंशज १९व्या शतकापासून राहतात. त्यांच्या मनाला हा प्रश्न लागतो, आणि लागायलाच हवा. जन्मस्थान, आईवडिलांचं जन्मस्थान आणि घरची भाषा वेगवेगळी विचारा.

खरी कसोटी संमतीपत्राची. मुलाला धोका असल्याचा संशय आला तर बालकल्याण संस्थेला कळवणं कायद्याने भाग आहे, आणि ते संमतीपत्रात लिहावं लागतं. या संस्थांच्या ताब्यात जाणाऱ्या मुलांत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याच्या दुपटीहून जास्त असल्याचं ओंटारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१८ साली दाखवून दिलं. आयांना हे आकड्यांशिवायही माहीत असतं. म्हणून ते वाक्य शेवटच्या पानावर गाडू नका; मी पहिल्या पानावर ठेवते आणि रेकॉर्डर सुरू करण्याआधी वाचून दाखवते. सहीची भीती वाटत असेल तर तोंडी संमतीची नोंद चालते, पण तिचं कारण अर्जातच द्यावं लागतं.

मानधन एकरकमी असेल तर मुलाखत अर्ध्यावर सोडणाऱ्यालाही ते पूर्ण द्यायचं, हा टीसीपीएस-२ चाच नियम. लेखा विभाग पावतीवर नाव-सही मागतो आणि तिथेच गोपनीयता फुटते. सांकेतिक क्रमांकाची नोंदवही चालेल का, हे अर्ज भरण्याआधीच त्यांच्याकडून लेखी घ्या.

नुसती नावं गाळून भागत नाही. ‘रात्रपाळी करणारी, तीन मुलांची सोमाली परिचारिका’ एवढं छापलं तरी तिच्या मशिदीतल्या बायका तिला ओळखतील. व्यवसाय, मुलांची संख्या मोघम करा, आणि तिचा मजकूर आधी तिलाच दाखवा. वस्तीतलेच सहसंशोधक असतील तर त्यांनीही कोअर-२०२२ हे टीसीपीएस-२ वरचं प्रशिक्षण पुरं करून गोपनीयतेच्या करारावर सही करायची. मुलाखत शेजारणीने घ्यावी की परक्या माणसाने, हे मात्र उत्तर देणारीनेच ठरवायचं.