चष्म्याचं बिल विम्यात का बसत नाही? माझा अनुभव

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून झालं. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी; डे-केअर असल्यामुळे किमान चोवीस तास दाखल राहण्याची अट आड आली नाही. साधी मोनोफोकल लेन्स बसवली होती, त्यामुळे लांबचं स्वच्छ दिसायला लागलं, पण पोथी वाचायला जवळचा नंबर लागणारच होता. डॉक्टरांनी डोळा स्थिरावल्यावर, महिना-सव्वा महिन्याने, नंबर काढून दिला. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचा खर्च मिळतो. म्हणून थेंबांची बिलं, तपासणीची फी आणि चष्म्याचं बिल मी एकत्रच पाठवलं. थेंब आणि फी मंजूर झाली. चष्म्यापुढे शून्य.

टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे समजावलं, "मॅडम, आतली लेन्स ऑपरेशनचा भाग आहे, बाहेरचा चष्मा नाही." मग मी पॉलिसीची अख्खी प्रत मागवून घेतली. आपल्या हातात असतं ते नुसतं कार्ड आणि दोन पानांचा सारांश. खरं काय ते मागच्या पानांवर असतं. तिथे चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र एकाच ओळीत वगळलेले होते. त्याच पानावर नंबर घालवण्याच्या ऑपरेशनची अट सापडली: नंबर ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी असेल तर पैसे नाहीत. या कलमाचे शब्द इर्डाईने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे बहुतेक पॉलिसींत ते असंच दिसतं. माझ्या मावसबहिणीचा नंबर उणे नऊ आहे. म्हणजे तिच्या लेसर ऑपरेशनला हे कलम आडवं येणार नाही, पण ती रोज ज्याच्या आधाराने रस्ता ओलांडते त्या चष्म्याला विमा एक रुपया देणार नाही. हे मला अजूनही पटत नाही.

मग सरकारी बाजू पाहिली. आई सत्तरीच्या पुढची, त्यामुळे तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतं. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, पण तेही दाखल झाल्यावर. तेव्हा सगळं उलगडलं. सरकारी असो की खासगी, आपल्याकडचा विमा मुख्यतः हॉस्पिटलच्या खाटेभोवती उभा आहे आणि चष्म्यासाठी कोणी दाखल होत नाही.

चष्मा मिळतो तो विम्याबाहेरच्या दारांनी, आणि ती दारं कोणी आपणहून दाखवत नाही. गावाकडच्या आत्याला मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये मिळाले. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, अशी अट. आधार, पासबुकाची प्रत, फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र घेऊन अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात दिला. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधी बँकेत विचारून घ्या. वस्तू घेतल्याची पावती नंतर दाखवावी लागते, त्यामुळे दुकानातून पक्कं बिलच घ्या. योजनेत काठी, वॉकर, श्रवणयंत्रही बसतं. आत्याने चष्माच घेतला.

तिच्या नातवाचं वेगळंच. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. पथकाने त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी दिली होती, ती दप्तरातच राहिली होती. वहिनी त्याला घेऊन गेली, नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी नंबर काढला आणि चष्मा फुकट मिळाला. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मे देणं हा त्याचाच भाग आहे. मूल अभ्यासात मागे पडतंय असं बाई सांगत असतील तर शिकवणी लावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

राहिला माझा स्वतःचा चष्मा. एचआरमध्ये विचारल्यावर कळलं की आमच्या मेडिक्लेमला जादा हप्ता भरून ओपीडीची, म्हणजे दाखल न होता होणाऱ्या खर्चाची, जोड घेता येते आणि तिच्यात चष्म्याला वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. त्यासाठी डॉक्टरांची नंबर लिहिलेली चिठ्ठी लागते आणि बिलावर काच आणि फ्रेमची किंमत वेगवेगळी लागते. हप्ता आणि मिळणारी रक्कम शेजारी शेजारी मांडून पाहिली. एकट्या चष्म्यासाठी ती जोड परवडत नाही. घरात दातांचा किंवा नियमित तपासण्यांचा खर्च असेल तरच घ्यावी. मी नाही घेतली. सप्टेंबर २०२५ पासून चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेवढाच हातभार.

पॉलिसीचं नूतनीकरण जवळ आलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा पहिला चष्मा मूळ संरक्षणातच धरावा, असं पत्र आम्ही काही जणींनी सह्या करून एचआरला दिलंय. ग्रुप पॉलिसीत अशा अटी कंपनीला विमावाल्यांशी बोलून ठरवता येतात. उत्तर अजून यायचंय.