आमची वाटचाल: पाट्यांपासून शॉकअपपर्यंत

आमच्या वर्कशॉपची सुरुवात गाडीखालच्या पाट्यांच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, कामातून झाली. नव्वदच्या दशकात वडिलांनी नाशिकच्या अंबडला भाड्याची शेड घेतली, तेव्हा दारात उभे असायचे निफाड-दिंडोरीकडचे टेम्पो आणि जीप. तुटलेला पाटा बदलायचा, सांध्यातले बुश ठोकायचे, गाडी सोडायची. शॉकअपकडे (शॉक ॲब्झॉर्बरकडे) कोणी बघत नसे. तेल गळून कोरडा पडला तरी गाडी चालतेच ना!

हे बदललं द्राक्षवाल्यांमुळे. हंगामात क्रेट भरून निघालेला माल मार्केटला पोचेपर्यंत मणी गळायचे. एका बागायतदार काकांनी वडिलांना विचारलं, "पाटे नवे टाकले, तरी गाडी नाचते कशी?" कारण साधं होतं: वजन पेलतो तो पाटा किंवा स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो उसळी जिरवतो. तो गेला की एका खड्ड्याचे चार हेलकावे होतात. त्या हंगामापासून आम्ही शॉकअपचं काम मनावर घेतलं.

पुढे कार वाढल्या, मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेले खांब, आले. स्प्रिंग दाबून धरायचं चांगलं कॉम्प्रेसर वडिलांनी सगळ्यात आधी घेतलं. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, तिथे जुगाड नाही. शॉकअपचा आत-बाहेर सरकणारा रॉड पकडीने धरायचा नाही हा दुसरा नियम. चकचकीत रॉडवर एक ओरखडा पडला की तो तेल अडवणारं ऑइल सील कापतो आणि नवाकोरा शॉकअप गळायला लागतो. शॉकअप जोडीनेच बदलायचे. एकच बदलून मागणाऱ्याला आम्ही आजही नाही म्हणतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेवटचा बोल्ट. शॉकअपच्या आणि चाक धरणाऱ्या आर्मच्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी जॅकवर, चाक लटकलेलं, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेलंच राहतं. मग ते लवकर फाटतं, खटखट सुरू होते आणि बोल मात्र शॉकअपला लागतो. म्हणून स्वतःची जागा घेतल्यावर आम्ही आधी गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा बांधला. गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून बसवायची आणि मगच खालून टॉर्क पान्याने बोल्ट आवळायचे. स्ट्रट उघडला असेल तर चाकांच्या अलाइनमेंटशिवाय गाडी सुटत नाही.

आता ॲडजस्टेबल, म्हणजे कडक-मऊ करता येणारे, शॉकअप मागणारे बरेच येतात. त्यांचा नॉब आम्ही आधी कडक बाजूला हलक्या हाताने पूर्ण बंद करतो, तिथून क्लिक मोजत मागे येतो. डावी-उजवी बाजू सारखीच. मग ग्राहकाला शेजारी बसवून आधी खराब रस्त्यावर चक्कर मारायची, नंतर विल्होळीकडे हायवेला. बहुतेकांना वाटतं कडक म्हणजे चांगला. तसं नाही. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडण्याचा वेग अडवणारा भाग, फार कडक केला तर एका खड्ड्यातून चाक पुरतं खाली येण्याआधी दुसरा खड्डा येतो, गाडी दबत जाते आणि आदळायला लागते. फार मऊ ठेवला तर वेगात तरंगते.

जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून हे तरंगणं लोकांच्या लक्षात यायला लागलंय. समृद्धीवर सपाट भागात कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. तीच गाडी पावसाळ्यात पेठ रस्त्याला न्यायची तर सेटिंग वेगळं लागतं. म्हणून आम्ही दोन्ही सेटिंगचे क्लिक चिठ्ठीवर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो आणि नॉब फिरवायला ग्राहकाला शिकवून पाठवतो.

पिकअपवाल्यांचं काम आम्ही सोडलेलं नाही, सोडणारही नाही. द्राक्षाच्या हंगामात सकाळचा पहिला खड्डा त्यांचाच असतो. कारवाल्यांनी त्या दिवसांत कृपया दुपारनंतरची वेळ घ्यावी.