“मॅडम, पगारवाढ नको”

मार्च 2023. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात इन्क्रिमेंटची पत्रं वाटून झाली होती. एचआरला हा दिवस तसा तापदायकच असतो. कुणाला वाढ कमी वाटते, कुणाला शेजारच्या मशीनवाल्याची जास्त दिसते. दुपारी पहिल्या पाळीतला एक सीएनसी सेटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारा कामगार, आला. हाताचा पक्का, रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे भाग, जवळजवळ नाहीच. त्याच वर्षी ‘बेस्ट ऑपरेटर’ म्हणून त्याचा फोटो बोर्डावर लागला होता, बक्षीस म्हणून मिक्सर दिला होता.

“मॅडम, ही वाढ रद्द करता येईल का?”

त्याचा ग्रॉस पगार 20,400 रुपये होता. 1,800 ची वाढ धरून 22,200. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा; त्याची पगाराची मर्यादा 21,000. ती ओलांडली की कार्ड बंद. त्याच्या बायकोची किडनी बदललेली होती. शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून लागणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि त्या ईएसआयमधून मिळत होत्या. त्यासाठी पगारातून महिन्याला कापले जात होते 153 रुपये. बाहेरून त्या घ्यायच्या तर सगळी वाढ जाऊन वर पदरचे घालावे लागले असते.

“एप्रिलपासून कपात थांबली तरी डिसेंबरपर्यंत औषधं मिळतील,” तो म्हणाला. “जानेवारीत काय करू?”

हिशेब अगदी बरोबर होता. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे लाभ मिळतात. दवाखान्यातल्या खिडकीवर विचारून विचारून त्याने हे पाठ केलं होतं.

बोलता बोलता कळलं, की जवळच्याच एका कारखान्याने त्याला 24,000 ची ऑफर दिली होती. तो गेला नव्हता. तो टिकलाय याचं श्रेय आमच्याकडे सगळे बक्षीस योजनेला देत होते. त्याला धरून ठेवलं होतं ते त्या कार्डाने.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, पण तो अॅडमिट झाल्यावरचा. महिन्याच्या गोळ्यांना त्यात एक रुपया नाही. पत्रकात ‘कुटुंबासह तीन लाखांचं संरक्षण’ असं ठळक छापायचं आणि घरात रोज लागणारं औषध त्यात बसायचं नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

संध्याकाळी प्लांट हेडकडे बसलो. पगारपत्रकावर 21,000 च्या आत दाखवून वरचे रोख द्यावेत, असं एकाने सुचवलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यात उद्या अडकला असता तोच. कायद्यात सरळ वाट होती. दोन महिन्यांहून जास्त अंतराने दिला जाणारा इन्सेन्टिव्ह तेव्हा ईएसआयच्या वेतनात धरत नव्हते. तेव्हा पगारात 500 ची वाढ, आणि उरलेल्या 1,300 च्या हिशेबाने दर तिमाहीला 3,900 पर्यंतचा इन्सेन्टिव्ह, उत्पादन आणि रिजेक्शनच्या आकड्यांवर. तो एकट्या त्याच्यासाठी न ठेवता मर्यादेच्या काठावरच्या सगळ्या सेटरना खुला केला. कन्सल्टंटचं लेखी मत घेतलं आणि मग नवी पत्रं काढली.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून तोटाही सांगितला. या 1,300 वर पीएफ कापला जाणार नाही, ग्रॅच्युइटीतही ते धरले जाणार नाहीत. शिवाय रिजेक्शन वाढलं तर रक्कम कमी होईल. त्याने पत्र दोनदा वाचलं, सही केली आणि विचारलं, “दुसऱ्या पाळीतल्या एकाची आई पण ईएसआयवर आहे, त्याला पाठवू का?”

त्या आठवड्यात पाच-सहा जण पगाराच्या स्लिपा घेऊन आले. कुणाच्या घरी काय दुखणं आहे, हे आमच्या कुठल्याच एक्सेल शीटमध्ये नव्हतं. तेव्हापासून इन्क्रिमेंटचं पत्र छापण्याआधी, फेब्रुवारीतच, 21,000 च्या जवळ पोहोचलेल्यांची यादी निघते आणि त्यातल्या प्रत्येकाशी मी स्वतः बोलते. कुणी पूर्ण वाढ पगारातच मागतो, कुणी तिमाहीला. तो सेटर अजून पहिल्या पाळीतच आहे, आणि नव्या मुलांना मशीन शिकवताना ईएसआयचं कार्डही समजावून सांगतो.