तुम्ही विचारलंत म्हणून: इतकी लवचीक आहेस, मग वजनं कशाला उचलतेस?

"अगं, तुला तर कुठलंही आसन सहज जमेल, मग जिममध्ये डंबेल्स कशाला?" सोसायटीतल्या काकू हे विचारतात, ऑफिसातले मित्रही विचारतात. जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझे सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात. अंगठा दाबला की मागे वळून मनगटाच्या वर हाताला टेकतो, कोपरं आणि गुडघे सरळ रेषेच्या मागे जातात. डॉक्टर हे बेटन मोजमापाने तपासतात. त्यात दोन्ही करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे आणि पाय ताठ ठेवून जमिनीला टेकणारे तळहात असे मिळून ९ गुण असतात. पन्नाशीपर्यंतच्या प्रौढांत ५ किंवा जास्त गुण म्हणजे सांधे सैल. कित्येकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. मला होतो.

सांध्याला जागेवर धरतात ती लिगामेंट्स. आमची ती सैल असतात आणि व्यायामाने घट्ट होत नाहीत. मग धरून ठेवायचं काम स्नायूंवर येतं. दिवसभर ते करून मान-खांदे जखडतात आणि ताणून मोकळे करावेसे वाटतात. पण तो जखडलेला स्नायूच सांधा सांभाळत असतो! त्याला ताणून थोडा वेळ बरं वाटतं, ताकद मात्र येत नाही.

योगासनांशी माझं वैर नाही. माझा आक्षेप "अजून थोडं खाली" या सूचनेला आहे. त्रिकोणासनात पुढचा गुडघा मागे ढकलला की आम्ही स्नायूंवर उभे नसतो, लिगामेंटवर लटकलेले असतो. इतरांना शेवटच्या टोकाला ताण जाणवतो आणि ते थांबतात. आम्हाला तो ताण उशिरा कळतो. सांधा नेमका कुठे आहे याची जाणीवही आमच्यापैकी अनेकांना कमी असते. म्हणून मी आरशासमोर व्यायाम करते, गुडघा आणि कोपर किंचित वाकलेलं ठेवते, आणि टोकाच्या बरंच अलीकडे थांबते. लवचीक माणसाला हे अलीकडे थांबणंच सगळ्यात कठीण जातं.

"पण सैल सांध्यांना जड वजन झेपेल का?" हा पुढचा प्रश्न. डेन्मार्कमध्ये सैल खांद्यांच्या १०० जणांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला जड वजनांचे व्यायाम दिले, दुसऱ्याला हलके. १६ आठवड्यांनी जड वजनवाल्यांचे खांदे रोजच्या कामात अधिक सुधारलेले होते. अंगदुखी त्यांना थोडी जास्त झाली, गंभीर इजा झाली नाही. अर्थात ते शिकवून, हळूहळू वाढवलेलं वजन होतं; पहिल्याच दिवशी बारबेल उचलायला कुणी सांगत नाही.

सुरुवात भिंतीवरच्या जोरांनी, उताणं झोपून कंबर उचलण्याने आणि रबरी पट्टा मागे ओढण्याने करावी. स्थिर धरून ठेवायचे व्यायाम आधी. वजन खाली आणताना सावकाश, कारण झटका आला की सांधा निसटू शकतो. बारला सैल अंगाने लोंबकळू नये. स्नायूंना ताकद लवकर येते, स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायूबंध मागून येतात, तेव्हा वजन वाढवायची घाई नको. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर चालेल. गुडघ्याच्या आत दुखलं तर पुढच्या वेळी वजन कमी. आमच्यापैकी काहींना उभं राहिलं की चक्कर येते, छाती धडधडते. त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं आणि बसून किंवा झोपून करायच्या व्यायामांनी सुरुवात करावी. सांधा वारंवार निखळत असेल तर फिजिओथेरपिस्टशिवाय काहीच नको, आणि "सैल सांध्यांचे पेशंट पाहिलेत का?" हे त्यांना खुशाल विचारा.

आणि घरात असं लवचीक मूल असेल तर पाहुण्यांसमोर "अंगठा वळवून दाखव" म्हणू नका. त्याला एका पायावर स्थिर उभं राहायला शिकवा, आणि टाळ्या त्यासाठी वाजवा.